एटापल्लीचा मुलूख व १९३५ सालची विलायती निवडणूक

गडचिरोली जिल्ह्यांतील एटापल्ली हा तालुका भारतीय राज्यघटनेच्या पांचव्या परिशिष्टाखालीं अनुसूचित क्षेत्रांत मोडतो. तेथें कोणता कायदा लागू व्हावा व कोणता न व्हावा याविषयीं राज्यपालांस विशेष अधिकार आहेत. आणि १९९६ च्या पंचायतविषयक कायद्यानें तेथील ग्रामसभेस कांहीं खास हक्क दिले आहेत. या व्यवस्थेचा उगम सामान्यतः १९५० च्या घटनेंत दाखविला जातो. परंतु हा धागा मागें मागें उकलीत गेल्यास तो लंडनच्या पार्लमेंटांत, आणि तेंही एका सार्वत्रिक निवडणुकीच्या तोंडावर चाललेल्या पक्षकलहांत, जाऊन पोंचतो. हा संबंध कसा जडला, त्यांत कोणाचा हेतु काय होता, आणि ज्यांच्याविषयीं निर्णय झाला त्यांचा त्यांत भाग किती होता, या तीन गोष्टींचाच विचार येथें आम्ही करणार आहों.

प्रथम मुलखाची पूर्वस्थिति पाहूं. नागपूरचें राज्य १८५४ सालीं खालसा झालें तेव्हां चांद्याचा मुलूख इंग्रजांकडे आला. त्याच्या दक्षिणपूर्वेस अहेरीची जमीनदारी होती. तिचा विस्तार अडीच हजार चौरस मैलांहून अधिक असून जमीनदार घराणें गोंड होतें. एटापल्ली, सुरजागड व त्यांच्या भोंवतालचें माडिया गोंडांचें रान याच जमीनदारींत येत असे, आणि जमीनदारी सिरोंचा तहशिलींत मोडत असे. १८७४ च्या परिशिष्ट-जिल्ह्यांच्या कायद्यांत चांदा जिल्ह्यांतील जमीनदाऱ्यांचा समावेश झालेला होता. म्हणजे सर्वसाधारण कायदे येथें जसेच्या तसे चालूं नयेत, ही कल्पना १९३५ सालीं नवी नव्हती.

परंतु मध्यंतरीं एक फरक पडला होता, आणि तो आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचा आहे. १९१९ च्या सुधारणा-कायद्याखालीं जे 'मागास मुलूख' जाहीर झाले, त्यांत आसामचे डोंगर होते, छोटा नागपूर व संताळ परगणे होते, मद्रास इलाख्यांतील एजन्सीचे भाग होते. मध्यप्रांतांतील एकही मुलूख नव्हता. अर्थात् नव्या सुधारणांपुरतें पाहिल्यास अहेरी व वर्धेच्या कांठचें एखादें सधन गांव यांत भेद उरला नव्हता. असें असतां १९३६ च्या यादींत अहेरीचें नांव कोठून आलें? या प्रश्नाचें उत्तर चांद्यांत किंवा नागपुरांत शोधून पुरत नाहीं. त्यासाठीं विलायतेंतील त्या वेळचें राजकारण पाहिलें पाहिजे.

१९३१ च्या ऑगस्टांत आर्थिक संकटामुळें मजूरपक्षाचें प्रधानमंडळ मोडलें व रॅम्से मॅक्डोनल्ड यांच्या नेतृत्वाखालीं 'राष्ट्रीय सरकार' स्थापन झालें. ऑक्टोबरांतील निवडणुकींत त्यास प्रचंड बहुमत मिळालें. मुख्य प्रधान मॅक्डोनल्ड असले तरी बहुमत होतें हुजूरपक्षाचें, आणि त्या पक्षाचे पुढारी होते स्टॅन्ले बाल्डविन. हिंदुस्थानास जबाबदार राज्यपद्धतीचा आणखी एक हप्ता द्यावा, हें बाल्डविन यांचें मत. तो देऊं नये, हें विन्स्टन चर्चिल यांचें. चर्चिल यांनीं याच प्रश्नावर १९३१ च्या जानेवारींत पक्षाच्या अग्रमंडळाचा राजीनामा दिला होता. पुढें १९३३ सालीं या कडव्या गटानें 'इंडिया डिफेन्स लीग' नांवाची संस्था काढून गांवोगांव सभा चालविल्या.

या भांडणाची धार किती तीव्र होती हें मतांच्या आंकड्यांवरून कळतें. १९३४ च्या ऑक्टोबरांत ब्रिस्टल येथें भरलेल्या पक्षपरिषदेंत पुढाऱ्यांची सरशी झाली ती ५४३ विरुद्ध ५२०, म्हणजे अवघ्या २३ मतांनीं. डिसेंबरांत लंडनच्या क्वीन्स हॉलांत पक्षाच्या मध्यवर्ती मंडळाची बैठक झाली, तेव्हां १,१०२ विरुद्ध ३९० मतांनीं बाजू सांवरली गेली. ६ फेब्रुवारी १९३५ रोजीं कॉमन्स सभेंत हिंदुस्थानच्या विधेयकाचें दुसरें वाचन सुरू झालें. आणि त्याच दिवशीं लिव्हरपूलच्या वेव्हर्ट्री मतदारसंघांत पोटनिवडणूक झाली. तींत चर्चिल यांचे चिरंजीव रँडॉल्फ हे विधेयकाविरुद्ध स्वतंत्रपणें उभे राहिले, हुजूरपक्षाचीं मतें फुटलीं, व हक्काची जागा मजूरपक्षाकडे गेली. दुसरें वाचन ११ फेब्रुवारीस ४०४ विरुद्ध १३३ मतांनीं पार पडलें खरें. परंतु विरोधी मतांत दोन परस्परविरुद्ध प्रवाह होते. कडव्यांस विधेयक फार वाटत होतें; ॲटली आदि मजूरपक्षीयांस तें अपुरें वाटत होतें.

सार्वत्रिक निवडणूक उशिरांत उशिरा १९३६ च्या शरदृतूपर्यंत होणें भाग होतें. पक्षांतील ही फूट घेऊन मतदारांपुढें जाणें बाल्डविन यांस परवडणारें नव्हतें. म्हणून विधेयक त्याच अधिवेशनांत संपवावें, वादाचे जे मुद्दे टाळतां येतील ते टाळावे, व जे टाळतां येत नाहींत ते पुढें ढकलावे, असें सरकारचें धोरण दिसतें. भारतमंत्री सर सॅम्युएल होअर व त्यांचे दुय्यम बटलर यांच्यावर हें काम होतें. एटापल्लीच्या मुलखाचा प्रश्न या पुढें ढकललेल्या मुद्द्यांपैकीं एक होय.

१९३५ च्या मे महिन्यांत, बादशहा पंचम जॉर्ज यांच्या रौप्यमहोत्सवाचा थाट ताजा असतांना, विधेयकाच्या सहाव्या परिशिष्टाची चर्चा निघाली. 'वगळलेले' व 'अंशतः वगळलेले' मुलूख कोणते याची यादी त्या परिशिष्टांत होती, आणि तिचें वळण १९१९ नंतरच्या जुन्या यादीचेंच होतें. सायमन आयोगाचे एक सभासद मेजर एडवर्ड कॅडोगन यांनीं ही यादी फार तोकडी आहे, आदिवासींचे दाट वस्तीचे कित्येक मुलूख तीबाहेर राहिले आहेत, अशी हरकत घेऊन ती पुष्कळ वाढविण्याची दुरुस्ती आणली. मजूरपक्षाचे कर्नल जोसाया वेजवुड यांनींही त्यांची बाजू उचलली.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. कॅडोगन हे चर्चिल यांच्या गोटांतले नव्हते. वेजवुड तर विरुद्ध बांकावरचे. हिंदी प्रधानांच्या हातीं जेवढा मुलूख कमी जाईल तेवढा बरा, असें मानणाऱ्या कडव्यांस ही दुरुस्ती सोयीची होती हें उघड आहे; परंतु सावकार, ठेकेदार व परका जमीनदार यांच्यापासून डोंगरी जमातींचें रक्षण व्हावें, ही कळकळ कांहींजणांच्या ठिकाणीं खरी असूं शकते. एकाच मागणीच्या मागें साम्राज्याचा लोभ, पालकत्वाचा अभिमान व दुर्बळांविषयींची कणव अशा तीन वृत्ति एकवटल्या होत्या. म्हणूनच सरकारास ती सरळ फेटाळणें कठीण गेलें, आणि सरळ मान्य करणेंही कठीण गेलें.

तोडगा निघाला तो कालहरणाचा. कायद्यांत यादीच घालूं नये. प्रांतिक सरकारांचीं मतें मागवावीं आणि नंतर बादशाही हुकुमानें मुलूख ठरवावे, मात्र हुकुमाचा मसुदा पार्लमेंटपुढें यावा, असें ठरलें. ५ जूनला तिसरें वाचन ३८६ विरुद्ध १२२ मतांनीं संमत झालें. दोनच दिवसांनीं मॅक्डोनल्ड पायउतार होऊन बाल्डविन मुख्य प्रधान झाले, व होअर यांच्या जागीं लॉर्ड झेटलंड भारतमंत्री झाले. २ ऑगस्टला कायद्यावर बादशहाची संमति झाली. १४ नोव्हेंबरला निवडणूक झाली. तोंपर्यंत इटलीनें हबसाणावर स्वारी केली होती. प्रचारांत राष्ट्रसंघ, शस्त्रसज्जता व बेकारी यांचीच चर्चा राहिली, हिंदुस्थान मागें पडला. राष्ट्रीय सरकारास चारशेंहून अधिक जागा मिळाल्या, मजूरपक्ष १५४ वर गेला. ज्या प्रश्नानें हुजूरपक्ष चार वर्षें दुभंगला होता, तो मतपेटीपर्यंत जाऊंच नये ही बाल्डविन यांची खटपट फळास आली.

बादशाही हुकूम निघाला तो नव्या पार्लमेंटाच्या काळांत, ३ मार्च १९३६ रोजीं. त्यांत मध्यप्रांत-वऱ्हाडांतील मंडला जिल्हा, बैहर, भैंसदेही, मेळघाट, तसेंच छिंदवाडा, बिलासपूर व द्रुग या जिल्ह्यांतील कांहीं जहागिरी व जमीनदाऱ्या यांच्यासमवेत सिरोंचा तहशिलींतील अहेरीची जमीनदारी आणि गडचिरोली तहशिलींतील धानोरा, मुरमगांव, पोटेगांव वगैरे पंधरा जमीनदाऱ्या 'अंशतः वगळलेल्या' म्हणून नोंदल्या गेल्या. १९१९ नंतरची यादी व ही यादी शेजारीं ठेवल्यास मध्यप्रांतापुरतें अंतर कोऱ्या कागदापासून या लांबलचक नामावळीपर्यंतचें आहे. आणि या अंतराचा उगम, आमच्या मतें, मे १९३५ च्या त्या तडजोडींत आहे.

याचा अर्थ व्यवहारांत काय झाला? कायद्याच्या ९२ व्या कलमाप्रमाणें प्रांताच्या कायदेमंडळानें केलेला कोणताही कायदा अशा मुलखांत आपोआप लागू होत नसे. गव्हर्नरानें जाहीरनामा काढून तो लागू केला तरच होई, आणि तोही फेरफारांसह लागू करण्याची त्यास मुभा होती. कारभार प्रधानांकडे असला तरी तेथील शांतता व सुव्यवस्था ही गव्हर्नराची खास जबाबदारी मानली होती. जुलै १९३७ मध्यें डॉ. ना. भा. खरे यांचें काँग्रेस प्रधानमंडळ नागपुरास अधिकारारूढ झालें, तेव्हां त्यांनीं केलेला कायदा एटापल्लीपर्यंत जावयाचा तर त्यास गव्हर्नराच्या उंबरठ्यावरून जावें लागत होतें.

राष्ट्रीय पक्षास हें रुचणें शक्यच नव्हतें. डिसेंबर १९३६ मध्यें खानदेशांत फैजपूर येथें, पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखालीं, काँग्रेसचें खेड्यांत भरलेलें पहिलें अधिवेशन झालें. त्यांत या मुलखांच्या निर्मितीचा ठरावानें निषेध केला गेला. देशांतील लोकांचे तुकडे पाडण्याचा हा आणखी एक यत्न आहे, असा त्याचा आशय होता. पुढें १९४३ सालीं डॉ. गो. स. घुर्ये यांनीं आपल्या ग्रंथांत आदिवासी हे हिंदु समाजाचेच मागासलेले घटक आहेत असें प्रतिपादून वगळण्याच्या धोरणावर टीका केली. उलट व्हेरिअर एल्विन संरक्षणाचा कैवार घेत होते. दोन्ही बाजूंस तथ्य होतें. गव्हर्नराच्या हातीं किल्ली ठेवणें हा स्वराज्याचा संकोचच होता. परंतु किल्ली काढून घेतली म्हणजे माडियाचें रान सुरक्षित राहील, असाही पुरावा कोणी पुढें आणला नव्हता.

या सर्व वादांत एका पक्षकाराचा आवाज मात्र ऐकूं येत नाहीं. १९३५ च्या कायद्यानें मताधिकार सारा, कर, घरभाडें व शिक्षण यांवर बेतला होता. जमीनदाराच्या रानांत फिरती शेती करणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या माडियाचें नांव मतदारांच्या यादींत येण्याची वाट अर्थातच अरुंद होती. प्रांताच्या ११२ जणांच्या सभेंत मागास मुलूख व जमाती यांसाठीं राखलेली जागा एकच होती. या जमातींच्या स्थितीची तपशीलवार चौकशी करण्यास डब्ल्यू. व्ही. ग्रिग्सन यांची नेमणूक झाली १९४० सालीं, व त्यांचा अहवाल छापून निघाला १९४४ सालीं. म्हणजे निवाडा आधीं व चौकशी मागाहून असा हा क्रम आहे. हा दोष एकट्या इंग्रजांचा नव्हे. फैजपूरचा ठरावही ज्यांच्यासाठीं झाला त्यांना विचारून झालेला नव्हता.

स्वराज्यांत या व्यवस्थेचें काय झालें, तें सांगून हा लेख पुरा करूं. १९४७ सालीं घटनासमितीनें वगळलेल्या मुलखांच्या विचारासाठीं ठक्करबाप्पांच्या अध्यक्षतेखालीं उपसमिति नेमली; तींत जयपालसिंग यांच्यासारखे आदिवासी पुढारी बसले. तेथून पांचवें परिशिष्ट निघालें. त्यांत ९२ व्या कलमाचा सांगाडा ओळखतां येतो, पण त्याची दिशा फिरविलेली आहे. पूर्वीं जाहीरनामा निघाल्याशिवाय कायदा लागू होत नसे. आतां कायदा लागू असतो, आणि तो नको असल्यास राज्यपालांनीं जाहीरनामा काढावयाचा असतो. फैजपूरचा आक्षेप असा मान्य झाला आणि कॅडोगन यांचा आग्रहही पुरता बुडाला नाहीं. मात्र या पालटाची दुसरी बाजूही आहे. जाहीरनामा न निघणें हें पूर्वीं संरक्षण होतें. आतां जाहीरनामा न निघणें म्हणजे संरक्षण नसणें होय. स्वस्थ बसणाऱ्या अधिकाऱ्याचा लाभ कोणास होतो, तेंच उलटें झालें आहे.

१९३६ च्या हुकुमांत एटापल्लीचें नांव नाहीं. नांव आहे तें जमीनदारीचें, म्हणजे मालकाचें. जमीनदाऱ्या १९५० च्या कायद्यानें गेल्या, मुलूख मध्यप्रदेशांतून १९५६ सालीं मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला, १९८२ सालीं गडचिरोली जिल्हा झाला, आणि १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशांत एटापल्ली तहशिलीचें नांव प्रथम स्वतंत्रपणें उमटलें. लंडनच्या पक्षकलहांत वेळ काढण्यासाठीं योजलेली युक्ति, ती योजणारे सर्व पक्ष व सर्व पुढारी मागें टाकून, या रानांत टिकून राहिली. सुरजागडच्या डोंगरांतील लोहखनिजावरून आमच्या काळांत जे वाद उभे राहिले आहेत, त्यांत ग्रामसभा ज्या संरक्षणाचा आधार घेतात त्याचें मूळ हें असें आहे. तें ज्यांनीं लाविलें त्यांचे हेतु संमिश्र होते. परंतु त्याचें मोल त्या हेतूंवरून ठरवूं नये, तर १९३५ सालीं जो आवाज कोठेंच ऐकला गेला नाहीं तो आतां तेथें कितपत ऐकला जातो, यावरून ठरवावें, असें आम्हांस वाटतें.