येरवड्यातील पेनांची अदलाबदल

आपल्याकडे फाऊंटन पेनाचा इतिहास निघाला की गोष्ट हमखास राजमहेंद्रीच्या रत्नम पेनांकडे आणि गांधीजींच्या स्वदेशीच्या आग्रहाकडे वळते. ती खोटी नाही. पण मला या इतिहासातले दुसरेच एक पान महत्त्वाचे वाटते, आणि ते शौकिनांच्या नव्हे, आपल्या चळवळीच्या इतिहासातले आहे.

२४ सप्टेंबर १९३२, शनिवार. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या उपोषणाचा पाचवा दिवस. सायंकाळी पुणे करारावर सह्या झाल्या. अस्पृश्यांच्या वतीने बाबासाहेबांनी सही केली, सवर्ण हिंदूंच्या वतीने पंडित मालवीयांनी. राजगोपालाचारींना त्या वेळी इतका आनंद झाला की त्यांनी आपले फाऊंटन पेन बाबासाहेबांना दिले आणि बाबासाहेबांचे स्वतः घेतले. धनंजय कीरांच्या चरित्रात ही नोंद आहे. वाचणारा ती एक गोड आठवण समजून पान उलटतो. मी मात्र वर्गात हा भाग शिकवताना तिथेच थांबतो.

कारण लेखणी ही आपल्या समाजात कधीच नुसती वस्तू नव्हती. बोरू आणि दौत ही कुळकर्ण्याच्या बैठकीची मिरास. गावचा वसूल तालुक्याला पोचवणारा महार, शिवेच्या तंट्यात साक्षीला उभा राहणारा महार. पण कागदावर त्याचे काय, तर निशाणी, आणि तिच्या वर काय लिहिले आहे हे लिहिणाराच जाणे. माझ्या आजोबांपर्यंत आमच्या घरातून अंगठाच उमटत आला. फाऊंटन पेनाने शाई स्वतःच्या पोटात घेतली. दौत सुटली, बैठक सुटली, लेखणी खिशात आली. तरी पेनाने जात मोडली असे कोणी म्हणू नये. मुक्ता साळवेने १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मांग-महारांचे दुःख मांडले, तेव्हा असले पेन कुठे होते?

तेव्हा एका ब्राह्मण पुढाऱ्याने अस्पृश्याच्या हातातले पेन आपल्या खिशाला लावावे, ही गोष्ट १९३२ साली लहान नव्हे. राजाजींच्या आनंदाच्या खरेपणाबद्दल मला शंका नाही. प्रश्न आहे तो त्या कागदाचा. ऑगस्टमधल्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले होते आणि शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही मत दिले होते. कराराने प्रांतिक कायदेमंडळातल्या राखीव जागा १४८ झाल्या. पण त्या जागांवर कोण बसणार हे शेवटी संयुक्त मतदारसंघ ठरवणार होता, म्हणजे बहुसंख्य सवर्ण. गांधीजींचे प्राण गेले असते तर खेड्यापाड्यांतल्या आपल्या वस्त्यांवर काय गुदरले असते, हे ओझेही त्या सहीवर होते. उपोषणाच्या दडपणाखाली झालेल्या सहीला राजीखुशीची सही म्हणणे मला जड जाते. १९४५ साली काँग्रेस आणि गांधींच्या अस्पृश्यविषयक कारभाराची झडती घेणारा ग्रंथ बाबासाहेबांनी लिहिला. त्यात या कराराचा हिशेब त्यांनी स्वतःच मांडला आहे.

पुढे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५२ साली, उत्तर मुंबईतून बाबासाहेब उभे राहिले. मतदाराला पेनच काय, शिक्काही लागत नव्हता. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती आणि तीत कोरी मतपत्रिका टाकायची होती. राखीव जागेवर काँग्रेसचे काजरोळकर निवडून आले. ज्यांनी राज्यघटनेचा मसुदा सिद्ध केला, ते संयुक्त मतदारांच्या मतांनी पडले.