१९७५चा उपग्रह आणि शिक्षकांचं प्रशिक्षण

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं, नोकरीतल्या माणसांचं प्रशिक्षण थोडं समोरासमोर, थोडं पडद्यावर, हे 'ब्लेंडेड' प्रकरण कोविडमुळेच आलं ना? नाही. आपल्याकडे ते १९७५ सालीच आलं होतं, आणि माझ्या मते आजच्यापेक्षा जास्त विचार करून आलं होतं.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं वर्षभर 'नासा'चा एटीएस-६ हा उपग्रह भारताला वापरायला मिळाला. त्या प्रयोगाचं नाव 'साइट'. आंध्र प्रदेश, कर्नाटक, ओरिसा, बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान या सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शन संच बसले. अँटेना कसली, तर खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, तीन मीटर व्यासाची! महाराष्ट्र त्यात नव्हता. मुलांसाठीचे विज्ञानाचे कार्यक्रम मात्र मुंबईत, इस्रोच्या स्टुडिओत होत. लोकांना आठवतात ते शेतीचे कार्यक्रम. शिक्षकांचं प्रशिक्षण फारसं कुणाला आठवत नाही.

त्याआधीची रीत तुम्हाला ठाऊक आहे. राजधानीत तज्ज्ञ बोलणार, ते ऐकून आलेला जिल्ह्यात बोलणार, त्याचं ऐकलेला तालुक्यात. हंडा हातोहात देताना पाणी सांडतं, तसं प्रत्येक पायरीवर काहीतरी सांडायचं. 'साइट'मध्ये एनसीईआरटीने प्राथमिक शिक्षकांसाठी विज्ञानाचं १२ दिवसांचं प्रशिक्षण आखलं. ऑक्टोबर १९७५ मध्ये सुमारे २४,००० शिक्षक, १९७६च्या उन्हाळ्यात जवळपास तितकेच. संचांच्या संख्येने भागून पाहा, एका संचापुढे सरासरी दहाएक जण येतात.

आता गंमत बघा. एवढा उपग्रह हाताशी असताना नुसत्या दूरदर्शनवर भिस्त ठेवली नाही. सोबत रेडिओ होता, छापील साहित्य होतं, स्वतःच्या हाताने करायचे प्रयोग होते, आणि केंद्रावर चर्चा घ्यायला एक शिक्षक-मॉनिटर होता. हा मॉनिटर कुणी मोठा तज्ज्ञ नव्हे. पण तो तिथे होता.

याचं महत्त्व काय? गिल्बर्ट राइल या तत्त्वज्ञाने १९४९ साली 'द कन्सेप्ट ऑफ माइंड'मध्ये एक भेद मांडला: अमुक असं आहे हे माहीत असणं वेगळं, आणि अमुक करता येणं वेगळं. पोहण्यावरचं पुस्तक पाठ असलेला माणूस विहिरीत बुडू शकतो. (आम्ही तत्त्वज्ञानवाले पुस्तकच पाठ करतो, ते सोडा.) माहिती उपग्रहावरून पाठवता येते. करता येणं मात्र चुकत चुकत येतं, आणि ती चूक होत असताना ती पाहणारं कुणीतरी शेजारी लागतं. मिश्रणात पडद्याचं प्रमाण किती, यावर आपण वाद घालतो. शेजारी कोण बसणार, हे विचारायचं राहून जातं.

पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये 'निष्ठा' हे शिक्षक-प्रशिक्षण समोरासमोर सुरू झालं आणि कोविड आल्यावर, ऑक्टोबर २०२० मध्ये, 'दीक्षा'वर ऑनलाइन गेलं. ऑनलाइनचे फायदे मी नाकारत नाही. घरी तान्हं मूल असलेल्या शिक्षिकेला बारा दिवस तालुक्याला जाऊन राहा म्हणणं सोपं नसतं. तिच्यासाठी मोबाइल ही खरीच सोय आहे.

तरी एक प्रसंग सांगतो. त्याच सुमारास एका संस्थेच्या ऑनलाइन प्रशिक्षणात, वर्गात चर्चा कशी घ्यावी, यावर मी बोललो. समोर सगळे काळे चौकोन. शेवटच्या मिनिटाला एक बाईंचा आवाज आला, "सर, मागच्या सत्रात सांगितलं तसं मी करून पाहिलं. मुलं गप्पच बसली. मी नेमकी कुठे चुकले?" मी म्हटलं, "तुम्ही पहिला प्रश्न काय विचारलात ते सांगा." त्या सांगू लागल्या, तेवढ्यात वेळ संपली आणि सत्र आपोआप बंद झालं. त्यांचं नावही मला कळलं नाही.

असो. आता तुमचे प्रश्न घेऊ.