शाब्ली
शाब्ली : फ्रान्समधील पांढरी वाइन व ती जेथे तयार होते तो प्रदेश. बर्गंडीच्या उत्तर टोकाला, योन परगण्यात, सेरँ नदीकाठी शाब्ली हे छोटे गाव आहे. भोवतालच्या टेकड्यांवर या वाइनसाठी शार्डोने हे एकच द्राक्ष चालते. ओकच्या लाकडाचा वास बहुधा आड येत नसल्याने थंड हवेतील शार्डोनेची मूळ चव येथे स्पष्ट कळते.

हवामान : येथे द्राक्षे सावकाश पिकतात. साखर बेताची चढते आणि गार रात्रींमुळे मॅलिक आम्ल टिकून राहते; वाइनची धार त्यातून येते. उष्ण मुलखात हेच द्राक्ष अननस-आंब्याच्या वासाकडे झुकते. शाब्लीत हिरवे सफरचंद आणि लिंबू जाणवतात. या थंडीची किंमत एप्रिलमध्ये मोजावी लागते. कोवळे कोंब हिमतुषाराने करपू नयेत म्हणून बागाईतदार रात्रभर ओळींमध्ये मेणाचे डबे पेटवतात किंवा वेलींवर पाण्याचे फवारे सोडतात. गोठताना पाणी उष्णता बाहेर टाकते, त्यामुळे बर्फाच्या कवचात कोंब शून्य अंशाच्या आसपास तग धरतो. फवारा मध्येच थांबला तर मात्र तो दगावतो. २०२१ च्या एप्रिलमधील हिमतुषाराने येथे मोठे नुकसान झाले.

मृदा : उत्तम बागा किमरिजियन थरांवर आहेत. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या या चुनखडीयुक्त चिकणमातीत स्वल्पविरामासारख्या दिसणाऱ्या छोट्या कालवांचे जीवाश्म सापडतात. वाइनमध्ये ओला दगड किंवा शिंपला जाणवतो असे रसिक म्हणतात. पण मुळे दगडाची चव शोषून घेत नाहीत. आम्लता, फळांचा संयत वास आणि किण्वनात तयार होणारी संयुगे यांतून तो भास होत असावा.

प्रतवारी : पेती शाब्ली, शाब्ली, प्रमिए क्रू आणि ग्रां क्रू अशा चार चढत्या प्रती आहेत. ग्रां क्रूच्या सात बागा नदीच्या उजव्या तीरावर, नैर्ऋत्याभिमुख उतारावर आहेत. सुमारे १०० हेक्टरांच्या या पट्ट्यात ‘ले क्लो’ सर्वांत मोठी. शाब्ली नावाला १९३८ मध्ये, तर पेती शाब्लीला १९४४ मध्ये कायदेशीर संरक्षण मिळाले.

इतिहास : १११४ मध्ये स्थापन झालेल्या पाँतिन्यी मठातील सिस्टर्शियन साधूंनी येथील द्राक्षशेती वाढवली. योन व सेन नद्यांमुळे पॅरिसची बाजारपेठ हाताशी होती. एकोणिसाव्या शतकात रेल्वेने दक्षिणेची स्वस्त वाइन पॅरिसला आणली. त्यातच फायलोक्सेरा किडीने वेली खाल्ल्या. १९५० च्या दशकात जेमतेम ५०० हेक्टर लागवड उरली होती. आज ती ५,००० हेक्टरांवर आहे.

आस्वाद : बहुतेक शाब्ली पोलादी टाक्यांत आंबवतात, वरच्या प्रतींसाठी काही उत्पादक जुनी ओकची पिंपे वापरतात. साधी शाब्ली तरुणपणीच प्यावी. ग्रां क्रू दहा वर्षे वा अधिक काळ मुरू शकते आणि तिच्यात मध व अळंब्यांचा गंध उतरतो. १० ते १२ अंश सेल्सिअस तापमान योग्य. याहून गार केल्यास वास दबतो. कालवे, वाफवलेली मासळी आणि बकरीच्या दुधाचे चीज यांच्याशी तिचे चांगले जमते. एकाच उत्पादकाची, एकाच वर्षाची साधी शाब्ली व प्रमिए क्रू शेजारी ठेवून चाखल्यास द्राक्ष आणि हवामान तेच असूनही उतार बदलल्याने पडणारा फरक लगेच समजतो.