डिझाइन थिंकिंग आणि प्राथमिक भाषाशिक्षण
परिसरातील अडचण ओळखून, तोडगा सुचवून, नमुना करून तो तपासण्याची प्रक्रिया भाषेच्या तासाशी जोडणारी अध्यापनपद्धती. तिचा जवळचा पूर्वज विदर्भात आहे : ऑक्टोबर १९३७ मधील वर्धा शिक्षण परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने हस्तव्यवसायाशी इतर विषयांचा समन्वय साधणाऱ्या नई तालीमची योजना आखली. या विचाराला विदर्भातल्याच गोंदिया जिल्ह्यात सुपीक जमीन आहे. जुने तलाव आणि भातशेती हे येथील मुलांच्या रोजच्या पाहण्यातले विषय. तलावातील गाळाचा प्रश्न घेतला, तर जाणत्यांची मुलाखत, निरीक्षणांची नोंद, नमुन्याचे वर्णन आणि ग्रामपंचायतीला पत्र हे सारे खऱ्या गरजेतून लिहिले जाते. झाडीबोली, पोवारी किंवा गोंडी बोलणारे मूल घरच्या भाषेत माहिती मिळवून ती प्रमाण मराठीत मांडते. त्यामुळे त्याची बोली अडसर न ठरता आधार होते.

अशा प्रकल्पांत वाचन-लेखनाचा पाया कच्चा राहतो, हा आक्षेप गंभीर आहे. अक्षरओळख आणि वाचनाचा सराव स्वतंत्रपणे, नियमित व्हायलाच हवा. प्रकल्प त्याची जागा घेऊ शकत नाही. मात्र सरावाला हेतू प्रकल्पच देतो. म्हणून मूल्यमापन नमुन्याच्या देखणेपणाचे नव्हे, तर मुलाने विचारलेल्या प्रश्नांचे आणि सुधारून लिहिलेल्या मजकुराचे व्हावे.