शस्त्रक्रियापूर्व केमोथेरपी (स्तनाचा आक्रमक कर्करोग)

स्तनाची गाठ शस्त्रक्रियेने काढण्याआधी दिली जाणारी औषधयोजना. डॉक्टर तिला निओअ‍ॅडज्युव्हंट केमोथेरपी म्हणतात. निदान झाल्यावर ‘आधी गाठ काढून का टाकत नाही?’ असे रुग्ण व घरचे विचारतात. आक्रमक प्रकारात पेशी वेगाने वाढतात आणि त्यांतल्या काही निदानापूर्वीच रक्तावाटे इतरत्र पोचलेल्या असू शकतात. तेथवर शस्त्रक्रियेचा हात पोचत नाही, औषध पोचते.

कोणासाठी : दाहक कर्करोगात स्तन लाल होऊन सुजतो व त्वचा संत्र्याच्या सालीसारखी दिसते, त्यात सुरुवात केमोथेरपीनेच होते. ट्रिपल निगेटिव्ह प्रकारात इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन यांचे ग्राही नसतात आणि हर-२ प्रथिनही वाढलेले नसते. हर-२ पॉझिटिव्ह प्रकारात हे प्रथिन अतिरिक्त असते. या दोन्ही प्रकारांत गाठ साधारण दोन सेंटिमीटरहून मोठी असेल किंवा आजार काखेतील लसिकाग्रंथींत गेला असेल, तर बहुधा हाच क्रम निवडतात.

पुरावा : अमेरिकेत १९८८ मध्ये सुरू झालेल्या ‘बी-१८’ चाचणीत १,५२३ स्त्रियांना तीच औषधे शस्त्रक्रियेआधी किंवा नंतर दिली गेली. दोन्ही गटांचे आयुर्मान सारखे राहिले. पण आधी औषध घेतलेल्यांपैकी अधिक जणींचा स्तन वाचवता आला. ज्यांच्या काढलेल्या ऊतींत आक्रमक कर्करोग उरला नव्हता, त्यांचे पुढील आयुष्यही अधिक सुरक्षित ठरले. शस्त्रक्रिया पुढे ढकलल्याने जीवाला धोका वाढेल, ही भीती या चाचणीने दूर केली.

पद्धत : प्रथम सुईने बायोप्सी करून ग्राही व हर-२ तपासतात. गाठ विरघळली तरी जागा सापडावी म्हणून तिच्यात धातूची बारीक खूण बसवतात. हृदयाची इको तपासणी होते. पुढे मूल हवे असल्यास बीजांडे वा भ्रूण गोठवण्याचा विचार पहिल्या डोसाआधीच करावा लागतो. उपचार साधारण चार ते सहा महिने चालतात. डॉक्सोरुबिसिन, सायक्लोफॉस्फामाइड, पॅक्लिटॅक्सेल, डोसेटॅक्सेल व कार्बोप्लाटिन ही प्रमुख औषधे. हर-२ पॉझिटिव्ह आजारात ट्रास्टुझुमॅब व पर्टुझुमॅब जोडतात. ट्रिपल निगेटिव्ह आजारात पेम्ब्रोलिझुमॅब या प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधाला अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली. मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राने ट्रिपल निगेटिव्हच्या ७२० रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये मांडले. कार्बोप्लाटिन जोडल्याने पन्नाशीपर्यंतच्या स्त्रियांचे आयुर्मान सुधारले. नव्या प्रतिकारशक्ती-औषधांची किंमत ज्यांना पेलत नाही, त्यांच्यासाठी हा निष्कर्ष मोलाचा आहे.

दुष्परिणाम : केस गळणे, मळमळ, थकवा व हातापायांना मुंग्या येणे. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना ताप आल्यास तो अंगावर काढू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. उपचार चालू असताना गाठ वाढत असल्यास औषध बदलतात किंवा शस्त्रक्रिया लवकर करतात.

उरलेल्या आजाराचा अर्थ : शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीत आजार उरलेला आढळला, तर खचून जाण्याचे कारण नाही; पुढचे औषध त्यावरूनच ठरते. हर-२ पॉझिटिव्ह रुग्णांना ट्रास्टुझुमॅब एम्टान्सिन दिल्यास आजार उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका जवळपास निम्मा होतो, असे ‘कॅथरिन’ चाचणीत दिसले. ट्रिपल निगेटिव्ह रुग्णांना कॅपेसिटाबिनचा लाभ होतो, हे जपान व दक्षिण कोरियातील चाचणीने २०१७ मध्ये दाखवले. आजार उलटण्याआधीच औषध बदलण्याची ही संधी केमोथेरपी आधी दिल्यामुळेच मिळते.

शस्त्रक्रिया का टाळू नये : काही डोसांनंतर गाठ हाताला लागेनाशी होते आणि रुग्णाला बरे वाटू लागते. पण स्पर्शाला वा सोनोग्राफीत न सापडणाऱ्या पेशी शिल्लक असू शकतात. म्हणून ठरलेली शस्त्रक्रिया आणि सांगितल्यास रेडिएशन पूर्ण करणे हा याच उपचाराचा भाग आहे.