दहा वेळा 0.1

आपल्या बुऱ्हाणपूरचा किल्ला, राजघाट, मावा-जिलबी यांवर इथे पुष्कळ लिहून झालंय. आज माझी एक जुनी उधारी सांगतो.

मी कॉलेजात गणित शिकवायचो. 1994 च्या सुमारास आमच्या वाट्याला प्रोग्रामिंग आलं. शिकवणार कोण? गणिताचा मास्तर! तोवर मी कॉम्प्युटरला हातही लावला नव्हता. इंदूरहून गाईड आणलं नि फळ्यावरच प्रोग्राम लिहून दिले.

पॉवरलूमवाल्या घरातली एक मुलगी ओळखीच्यांकडे मशीनवर तो प्रोग्राम चालवून आली. म्हणाली, "सर, 0.1 मिळवत जायचं आणि बेरीज 1 झाली की थांबायचं, असं तुम्ही लिहिलंय. पण ते थांबतच नाही."

मी म्हटलं, "टायपिंगची चूक असेल."

त्यानंतर तिने मला काही विचारलं नाही.

माझ्यासारखे मास्तर गावोगाव होते. हे ओळखलं आयआयटी मुंबईच्या प्रा. दीपक फाटकांनी. तेही इंदूरच्याच गोविंदराम सेकसरिया संस्थेतून इंजिनिअर झालेले. 1971 पासून आयआयटीत. त्यांचं म्हणणं साधं होतं: एक शिक्षक तयार झाला की त्याचे सगळे वर्ग सुधारतात. म्हणून देशभरच्या केंद्रांत बसलेल्या दहा हजार अभियांत्रिकी शिक्षकांना एकदम शिकवायचा प्रकल्प त्यांनी उभा केला. स्वस्त 'आकाश' टॅब्लेटच्या कामातही ते होते. 2013 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

2014 मध्ये त्यांचा प्रोग्रामिंगचा कोर्स एडेक्सवर आला. मी तेव्हा रिटायर झालेलो. नातवाने नाव नोंदवून दिलं. लाइट गेली की धडा अर्धा राहायचा, पण मी चिकाटीने बसलो. पहिल्यांदाच स्वतः प्रोग्राम चालवला, आणि तो जुना प्रश्न आठवला. मग शोधत गेलो.

चूक टायपिंगची नव्हतीच. मशीन फक्त 0 आणि 1 या अंकांत मोजतं. आपल्या दशांशात एक तृतीयांश जसा 0.333... असा संपत नाही, तसाच तिथे 0.1 संपत नाही. मशीन शेपूट कापतं. दहा वेळा मिळवूनही नेमका 1 होत नाही, किंचित फरक उरतो. म्हणून "1 झाला का?" याचं उत्तर कायम "नाही". उपाय एवढाच, फेऱ्या पूर्णांकात मोजायच्या. दहा झाल्या की थांबायचं.

म्हणजे ती बरोबर होती, मी चुकलो होतो. "मला माहीत नाही, बघून सांगतो" एवढं म्हणायला मास्तराची जीभ रेटली नाही.

ती आज पन्नाशीची असेल. हे वाचून कुणाला ती ओळखू आली, तर निरोप द्या: सरांनी उत्तर पाठवलंय. उशीर झाला, माफ कर म्हणावं.