हातकाम आणि मनःस्वास्थ्य : एक ऐतिहासिक विचार

वऱ्हाडातील इतर गावांप्रमाणे केनवडातही वाकळ शिवणे हा घरचाच उद्योग. बाजाराशी त्याचा संबंध नसे. जीर्ण लुगडी, धोतरे एकावर एक अंथरावयाची, कडा दुमडावयाच्या आणि काठाकाठाने धावदोरा घालीत मध्यापर्यंत यावयाचे, एवढाच तिचा विधी. शेतीची कामे उरकली म्हणजे उन्हाळ्यात चार बायका एका वाकळीभोवती बसत. कोणाचे माहेर, कोणाचे दुखणे, कोणाचा पुत्रशोक त्या टाक्यांबरोबर मोकळा होई. वाकळ दारिद्र्यातून जन्मली हे विसरून तिचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. तथापि तिची ऊब केवळ पांघरणाऱ्यासच मिळे, असेही म्हणता येणार नाही.

ह्या घरगुती अनुभवास शास्त्राचे रूप देणारी एक विदुषी महाराष्ट्रात होऊन गेली, हे आपल्या ज्ञातीतील फार थोड्या कुटुंबांस ठाऊक असेल. अमेरिकेतील क्वेकर कुटुंबात जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी ह्या विवाहानंतर कमलाबाई निंबकर झाल्या व ह्या देशाच्याच होऊन राहिल्या. हस्तव्यवसायांच्या योगे रुग्णास बरे करावयाच्या विद्येची संघटना अमेरिकेत १९१७ साली झाली होती, आणि पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या हाती टोपल्या, माग व विणावयाच्या सुया देण्यात आल्या होत्या. हीच विद्या कमलाबाईंनी फिलाडेल्फिया येथे संपादन केली. १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराचे भारतातील पहिले विद्यालय उभारले. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. पुढे हे शिक्षण नागपुरासही आले.

ह्या उपचारात विणकामाचे मर्म वेगळेच असते. खांदा आखडला असेल तर हात अधिक वर न्यावा लागेल अशा रीतीने माग मांडावयाचा. बोटांत पकड नसेल तर सुईची मूठ जाड करावयाची. माल किती निघाला ह्यास महत्त्व नाही, हात कोठवर उचलला गेला हे पाहावयाचे. म्हणूनच हे काम रुग्णाच्या आवडीचे असावे लागते. लादलेले विणकाम ही वेठच; आपल्या घरांतील सुनांनी तशी वेठ पुष्कळ केली आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे.

अलीकडे, २०१३ मध्ये, ब्रिटनमधील व्यवसायोपचाराच्या नियतकालिकात ३,५४५ विणकरांची पाहणी प्रसिद्ध झाली. जी माणसे वारंवार विणीत, त्यांनी अधिक शांत व प्रसन्न वाटत असल्याचे सांगितले. अर्थात ही साक्ष विणकामाची आवड असलेल्यांचीच; ती सिद्धता मानू नये. परंतु घरातील आजीबाईंनी सुई हाती घेताच "आता कशाला डोळे फोडतेस, पांघरूण विकत मिळते" असे म्हणणाऱ्या चिरंजीवांनी ती अवश्य वाचावी. पांघरूण विकत मिळते. दुपार कोठे विकत मिळते?

नऊवारी लुगडी आता विरळ झाली. कृत्रिम धाग्याच्या साड्यांची वाकळ अंगावरून घसरते, घामही टिपीत नाही. तरी शिवणाऱ्या तिला काठाकाठाने टाके घालीतच आहेत.